शेवयांवर आमलेट

परक्या मुलखाची पारख त्याच्या राजवाड्यांवरून करू नये, न्याहारीवरून करावी. दुपारचं जेवण पाहुण्यांसाठी नटूनथटून येतं. सकाळी मात्र माणूस मागतो ते आईनं लावलेल्या सवयीनं. पण दुबईत ही पारख करणं मोठं कठीण. सकाळच्या प्रहरी तिथं इडली मिळते, पुरीभाजी मिळते, मलबारी परोठा मिळतो, आपल्या माणसांच्या कृपेनं मिसळही मिळते. सहजासहजी मिळत नाही ती दुबईकरांची न्याहारी! ज्या देशात मूळचे लोक दहांत जेमतेम एक, तिथं घरचं खाणं घरातच राहिलं. उडप्याच्या हॉटेलात बसून थालीपिठाची आठवण काढणाऱ्या मुंबईकराला हे दुःख समजावून सांगायला नको.

अलीकडे मात्र ही न्याहारी हॉटेलांत येऊ लागली आहे. खाडीजवळच्या अशाच एका साध्या हॉटेलात आमचा भाचा आम्हांला घेऊन गेला. हॉटेल साधं, पण भिंती बोलक्या. एका भिंतीवर मासेमारीचं जाळं, दुसरीवर कंदील, कोपऱ्यात पितळी कॉफीपात्रांची रांग. शेजारच्या मेजावर पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातले एक आजोबा. त्यांच्याकडे पाहून भिंतीवरच्या वस्तूंची गरज नव्हती असं वाटलं.

पहिली आली बलालीत. म्हणजे काय? तर शेवया. साखर, तूप, केशर, वेलदोडा, वर गुलाबपाण्याचा वास. सौ.चा चेहरा उजळला. पण त्या शेवयांवर पांघरूण घातल्यासारखं एक आमलेट पसरलेलं होतं.

"अरे, हे कुणा दुसऱ्याचं चुकून आलं का?" तिनं विचारलं.

"नाही मामी, ते तसंच असतं," भाचा म्हणाला.

"शेवयांवर आमलेट?"

या दोन शब्दांत मराठी संस्कृतीचा सगळा निषेध होता. परंतु टीकाकारानं निषेध बाजूला ठेवून घास घ्यावा. घेतला, आणि कोडं सुटलं. नुसत्या गोड शेवया चौथ्या घासाला जीभ मिटवतात. आमलेटचं मीठ मध्ये येतं आणि पाचवा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पुरणपोळीशेजारी कटाची आमटी वाढणाऱ्यांनी या युक्तीला नावं ठेवू नयेत.

चबाब म्हणजे केशर-वेलदोड्याचं जाडसर, जाळीदार धिरडं. वर चीज आणि खजुराचा पाक. उत्तम. खमीर ही आंबवलेल्या पिठाची फुगीर रोटी. ती गार आली. गरम नसलेल्या खमीरला इतिहास असतो, चव नसते. रगाग कागदाहून पातळ, तापल्या तव्यावर पीठ हातानं फिरवून केलेली. तिच्यावर महयावा नावाचा आंबवलेल्या माशांचा रस लावतात. त्याच्या वासानं आमच्यातली कोकणी बाजू पुढं सरसावली आणि देशावरची दाराकडे पाहू लागली. दांगो म्हणजे लाल मिरची घालून उकडलेले हरभरे. त्यांच्याशी बोलायला दुभाषा लागला नाही.

तसं सगळ्याच ताटाशी आपलं जुनं नातं. मसाले आणि तांदूळ मुंबईहून गलबतांनी तिकडे जात, मोती इकडे येत. रुपया तिथलं चलन होता. 1959 साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी खास नोटाही काढल्या होत्या. 1966 साली अवमूल्यन झालं आणि तिथल्या अमिरातींनी रुपया सोडला. वेलदोडा मात्र सोडला नाही. त्याचं अवमूल्यन होत नाही. तिथल्या 'करक' चहाचं नावसुद्धा आपल्या 'कडक'चंच.

शेवटी आली गहवा: फिकी, बिनसाखरेची, वेलदोड्याची कॉफी. 2015 साली युनेस्कोनं अरबी कॉफीला वारशाच्या यादीत घेतलं, ते तिच्या चवीइतकंच ती देण्याच्या रीतीसाठी. कानाशिवायचा इवलासा पेला, आणि तो हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत वाढणाऱ्यानं ओतत राहायचं. इथंच हॉटेल कमी पडलं. पोऱ्यानं मेजावर थर्मास ठेवला आणि तो गेला. चव होती, आग्रह नव्हता. आजोबांनी स्वतःच पेला भरून घेतला, प्यायले आणि सवयीनं दोनदा हलवला. समोर ओतणारं कुणी नव्हतं.

न्याहारी घरातून हॉटेलात आली की तिची पाककृती येते, माणसं घरीच राहतात. याचा दोष हॉटेलाला किती द्यावा? कंदील काढून टाकावेत, खमीर तव्यावरून थेट द्यावी आणि थर्मासजवळ एक माणूस उभा करावा, एवढं मात्र जरूर सांगावं. बाकी बलालीतसाठी आम्ही पुन्हा जाऊ. सौ.नं आमलेट बाजूला सारून आरंभ केला होता. बशी परत गेली तेव्हा तीत आमलेटही नव्हतं.