गावाचे नाव आणि गाण्याचा धनी : नारायणगावच्या तमाशा-परंपरेविषयी

राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, ह्या तालुक्यातील गावोगावचे पंच चैत्राच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे नारायणगावला जातात. आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी तमाशा ठरवावा, सुपारी द्यावी आणि तारीख पक्की करून परतावे, एवढेच त्यांचे काम असते. मीना नदीकाठच्या ह्या गावी त्या दिवसांत फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाची पाटी असते. ह्या व्यवहारामुळे नारायणगावला ‘तमाशापंढरी’ हे नाव पडले. परंतु उपमा गोड असली की विचार थांबतो. पंढरीचा देव कोण हे सर्वांस ठाऊक आहे. ह्या पंढरीतील गाण्याचा धनी कोण, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नारायणगावची कीर्ती तेथील रंगमंदिरामुळे झालेली नाही. तेथे तमाशा ठरतो आणि होतो तो अन्यत्र, कोठल्या तरी गावाच्या माळावर. म्हणून ह्या गावाचा वारसा एखाद्या वास्तूत शोधू गेल्यास हाती काही लागावयाचे नाही. तो पंचांगात आहे. एकाच तिथीला अनेक गावांच्या यात्रा आल्या की सुपारी चढते. तिथी रिकामी असली की उतरते. यात्रेच्या तमाशाचे मोल सगळे गाव मिळून वर्गणीतून देते आणि प्रेक्षक फुकट बसतो. रात्री गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग. दुसऱ्या दिवशी हजेरीचा कार्यक्रम आणि मग कुस्त्यांचा आखाडा. उलट, तंबूच्या तमाशात प्रत्येक प्रेक्षक तिकीट काढून येतो. पहिल्या प्रकारात फडाला गावाच्या पंचांना राजी राखावे लागते, दुसऱ्यात दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला. वग आखडला, चित्रपटातील गाणी वाढली, दिव्यांचा झगमगाट आला, ह्याला ‘ऱ्हास’ म्हणून मोकळे होणारे टीकाकार हा भेद विसरतात. मोल देणारा बदलला की मागणी बदलते आणि मागणीबरोबर रचना बदलते. हा बदल कलेच्या दृष्टीने सर्वस्वी इष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे कारण कलावंताच्या अभिरुचीत शोधणे अन्यायाचे आहे, एवढेच सांगावयाचे आहे.

आता धनीपणाचा प्रश्न. नारायणगावची परंपरा ज्या फडाने मुख्यत्वे गाजविली, त्याचे नाव भाऊ-बापू मांग नारायणगावकर. ह्या एका नावात सारा सामाजिक इतिहास दडला आहे. ‘मांग’ हा शब्द पाटीवर उघडपणे लिहिलेला आहे आणि लगेच पुढे गावाचे नाव आडनाव म्हणून आलेले आहे. ज्या समाजाला गावकुसाबाहेर राहावे लागले, त्याच समाजातील कलावंतांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. भाऊंची कन्या विठाबाई हिचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा. तरीही ती ‘नारायणगावकर’च. तेव्हा हे आडनाव जन्मस्थळाचे नव्हे, कर्तृत्वाचे आहे. १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला. २००२ साली ती निवर्तली, तेव्हा पैशाची विवंचना तिच्या सोबतीला होतीच. पुढे राज्य शासनाने तमाशा-क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला तिचे नाव दिले.

ह्या प्रश्नाला परदेशातील एक उदाहरण जोडून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेल हे लहानसे गाव ‘ब्लूज’ ह्या कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकारासाठी प्रसिद्ध आहे. कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्यांचे हे गाणे. त्याच्या रूढ रचनेत पहिली ओळ पुन्हा म्हणावयाची, तिसरीने तिला उत्तर द्यावयाचे आणि मधल्या विसाव्यात गिटारने बोलावयाचे. १९४१ साली अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क ह्यांनी तेथील एका मळ्यावर मडी वॉटर्स ह्या गायकाचे ध्वनिमुद्रण केले. ते लोकसंगीताचा नमुना म्हणून सरकारी ग्रंथालयासाठी होते. मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला गेला आणि त्याने विजेच्या गिटारवर तेच गाणे नव्याने घडविले. नमुना म्हणून जपलेला माणूस नमुना राहिला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दीर्घकाळ विस्मृतीत राहिले ते मात्र वर्क ह्यांचे नाव.

हे साम्य फार ताणू नये. ब्लूजमधील ‘मी’ पुष्कळदा गाणाऱ्याचा स्वतःचा असतो. लावणीतील ‘मी’ स्त्रीचा असला तरी शब्द बहुधा पुरुष शाहिराचे असतात. परंतु ह्या भेदातूनच आमचा मुद्दा स्पष्ट होतो. छापील लावणी वाचणारा समीक्षक शाहिराला कर्ता मानतो आणि गायिकेला केवळ वाहक. फडावरची वस्तुस्थिती निराळी आहे. ढोलकी आणि हलगी ह्यांची जुगलबंदी कोठे तोडावयाची, कोणता शब्द दोनदा घोळवावयाचा, झीलकऱ्यांनी ध्रुपदाची ओळ वरच्या पट्टीत उचलली असता आपण कोठून परत यावयाचे, हे गाणारी ठरविते. तुणतुण्याच्या एकसुरी आधारावर, ध्वनिवर्धकाशिवाय, माळावरच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचविण्याच्या गरजेतून ही गायकी घडली. ह्या अर्थाने विठाबाई ही आपण गायिलेल्या लावण्यांची सहकर्ती होती. ‘लोककला’ ह्या आदरयुक्त शब्दाने आपण नेमके हेच कर्तेपण पुसतो; जे सर्वांचे म्हणून गौरविले जाते ते कोणाचेच राहत नाही.

ह्या विचाराला आज निकड आहे. खेड तालुक्यात चाकणच्या परिसरात जमिनींवर कारखाने आले आणि यात्रेची वर्गणी देणारा शेतकरी व तमाशाला बसणारा प्रेक्षक हे दोघेही बदलत आहेत. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षी साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा ही कला पंचांगावर किती अवलंबून आहे हे कठोरपणे दिसून आले. पुरस्काराने एका कलावंताचा सन्मान होतो, पण रिकामी गेलेली तिथी त्याने भरून निघत नाही.

तेव्हा विद्यापीठीय अभ्यासकाचे कर्तव्य कोणते? वगांच्या संहिता छापून काम संपत नाही. राहुटीवरची पाटी, सुपारीची वही, फडाच्या मुक्कामांचा क्रम, ढोलकीवाला, सोंगाड्या आणि झीलकरी ह्यांची नावे, हीसुद्धा साहित्येतिहासाची साधने मानली पाहिजेत. नारायणगावचा वारसा जपावयाचा म्हणजे गावाचे नाव मिरविणे नव्हे. ते नाव ज्यांनी आडनाव म्हणून वागविले, त्यांची स्वतःची नावे प्रथम लिहून ठेवणे होय.