सिग्नल-मॅन, द
चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) ह्या इंग्रज कादंबरीकाराची सुप्रसिद्ध भयकथा. ऑल द यीअर राउंड ह्या त्याच्या नियतकालिकाच्या १८६६ च्या नाताळ अंकात, ‘मग्बी जंक्शन’ ह्या कथामालिकेत ती प्रथम प्रसिद्ध झाली.

खोल, ओलसर खिंडीत, बोगद्याच्या तोंडाशी एकाकी काम करणाऱ्या एका सिग्नलवाल्यास लाल दिव्यापाशी एक आकृती दिसते. तिचा एक हात चेहऱ्यावर असतो, दुसऱ्याने ती वाट मोकळी करण्याची खूण करते. पहिल्या दर्शनानंतर सहा तासांच्या आत भीषण अपघात होतो. दुसऱ्या दर्शनाच्या दिवशीच धावत्या गाडीत एक तरुणी मरण पावते. आता ती आकृती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे.

कथेतील खरी भीती भुताची नाही, ती कर्तव्याची आहे. सिग्नलवाल्याजवळ तारयंत्र, घंटा, झेंडा व दिवा आहे. पण कळविण्याजोगा मजकूर नाही. धोका आहे एवढेच कळविले, तर कोठे आणि कोणता, असे वरिष्ठ विचारणार व त्यास वेडा ठरवून कामावरून काढणार. निवेदक ह्या भासांची कारणे दृष्टिदोषात व तारांतून वाहणाऱ्या वाऱ्यात शोधतो. परंतु वैद्याकडे नेण्यापूर्वीच सिग्नलवाला एंजिनाखाली सापडतो. त्या वेळी चालकाने केलेली खूण व मारलेली हाक आकृतीचीच होती. म्हणजे ती आकृती धमकावीत नव्हती, सावध करीत होती. तो शेवटचा योगायोग काहीसा ठळकपणे सांगितलेला वाटतो, हे खरे. तथापि चालकाच्या हाकेत निवेदकाने केवळ मनात योजिलेले शब्दही असावेत, ह्यामुळे हा तर्कनिष्ठ साक्षीदारही नियतीच्या साखळीत ओवला जातो. त्याने आरंभी खिंडीच्या काठावरून मारलेली साधी हाक येथे नव्याने आठवते.

कथेस प्रत्यक्ष अनुभवाची पार्श्वभूमी आहे. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे दुरुस्तीसाठी रूळ काढलेल्या पुलावर डिकिन्झची गाडी घसरली व १० प्रवासी मृत्युमुखी पडले. निशाणवाला नियमाने ठरलेल्या अंतरापेक्षा बराच अलीकडे उभा होता. डिकिन्झने जखमींची शुश्रूषा केली. रेल्वेप्रवासाची धास्ती मात्र त्यास पुढे कायम राहिली. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, त्याचे निधन झाले. ह्या तारखेचे अनेकांस कौतुक वाटते. कथेच्या गुणवत्तेशी तिचा संबंध नाही. बी.बी.सी.ने १९७६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी ह्या कथेचे रूपांतर सादर केले. त्यात डेनहॉम एलियट ह्याने सिग्नलवाल्याची भूमिका केली होती.