ग्रॉस, टेअर, नेट

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत रोज सर्वाधिक हातांतून फिरणारा मजकूर कोणता, असं विचारलं तर मी वजनकाट्याच्या पावतीचं नाव घेईन. ड्रायव्हर ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो, गेटवरचा वॉचमन वहीत उतरवून घेतो, स्टोअरवाला चलनाला टाचतो, ट्रान्सपोर्टवाला तिच्यावर भाडं लावतो. इतके वाचक लाभूनही तिचं वाचन मात्र फार उथळ होतं. सगळ्यांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते, म्हणजे नेटवर, मालाच्या निव्वळ वजनावर. वरच्या दोन आकड्यांकडे, म्हणजे रिकाम्या गाडीच्या टेअरकडे आणि भरलेल्या गाडीच्या ग्रॉसकडे, भांडण झाल्याशिवाय कोणी ढुंकूनही पाहत नाही. कवितेची शेवटची ओळ तेवढी वाचून दाद द्यावी, तसला हा प्रकार आहे.

नमुन्यादाखल एक पावती समोर घेऊ. आकडे माझे आहेत, पण अशी पावती गरवारे पॉइंट ते एक्स्लो पॉइंटच्या परिसरात कुठेही फाडली जाऊ शकते. वर काट्याचं नाव. मग गाडी नंबर, अर्थात एमएच-१५ ने सुरू होणारा. पार्टीचं नाव, माल : एम.एस. प्लेट. टेअर ६,२४०, सकाळी १०.०५. ग्रॉस १८,३१०, दुपारी १.४०. नेट १२,०७०. खाली काटेवाल्याची सही, आणि बहुतेक पावत्यांवर 'ड्रायव्हरसह' की 'ड्रायव्हरविना' याची खूण.

शैली पाहा. विशेषण एकही नाही. क्रियापदही नाही. 'जवळपास', 'सुमारे' या शब्दांना इथे थारा नाही. मात्र प्रत्येक आकडा शून्यावर संपतो, कारण अशा काट्याचं लघुतम माप १० किलोचं असतं. म्हणजे त्या शेवटच्या शून्यात पावतीने आपली मर्यादा उघड सांगून ठेवली आहे : दहा किलोच्या आत काय चाललंय ते मला विचारू नका. आपल्या अचूकपणाची हद्द इतक्या सहजपणे आखून देणारे लेखक थोडे.

खरी गंमत आहे ती दोन वेळांमध्ये. आधी टेअर आणि मग ग्रॉस, म्हणजे गाडी रिकामी आली आणि भरून गेली. क्रम उलटा असता तर माल उतरवायला आली होती. वेळेच्या दोन नोंदी कुठल्या क्रमाने पडल्या एवढ्यावरून कारखाना विकत घेणारा की विकणारा, हे कळतं. आणि मधले साडेतीन तास? प्लेटा क्रेनने चढवायला इतका वेळ लागत नाही. गाडी रांगेत होती, किंवा क्रेन दुसऱ्या शेडमध्ये अडकली होती, किंवा जेवणाची सुट्टी मध्ये आली. पावती हे सांगत नाही, पण विचारायला भाग पाडते. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात मुरलेला माणूस हे अंतर आधी पाहतो. हॉल्टिंगचे पैसे मागायचे की नाही, ते त्यावर ठरतं.

आता माल. एम.एस. प्लेट हे दोन शब्द वाचल्याशिवाय अंबडला काट्याची एवढी गरज का, ते समजत नाही. पोलादाचा एक घनमीटर ७.८५ टन भरतो. आपल्या पावतीतलं बारा टन पोलाद साधारण दीड घनमीटरच होतं. सतरा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद्यात ते सारखं पसरलं, तर थर अर्धी वीत जेमतेम ओलांडेल. फाळक्यावरून डोकावणाऱ्याला गाडी रिकामीच वाटेल. इथे डोळ्याचा उपयोग नाही. उलट लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याची ट्रॉली पाहा. लिलाव उघड्या ट्रॉलीवर होतो, मग ती भुईकाट्यावर चढते, व्यापाऱ्याच्या खळ्यात रिती होते आणि परत रिकामी मोजली जाते. तिथला शेतकरी वजनाचा अंदाज नजरेने बांधतो आणि काट्याने तो ताडून पाहतो. अंबडमध्ये अंदाज बांधायलाच जागा नाही. एकाच मापाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात : एकीत थर्मोकोलमध्ये गुंडाळलेली पॅनेलं ताडपत्रीपर्यंत आलेली, दुसरीत तळाशी चार प्लेटा. ओव्हरलोड दुसरी असते.

भंगाराचा मामला याहून निराळा. लेथवरून निघालेल्या लोखंडी चुऱ्याची वेटोळी गाडी फुगवून दाखवतात आणि वजनाला हलकी असतात. तोच चुरा दाबून गठ्ठे केले की पुन्हा प्लेटेचा खेळ सुरू होतो. माल तोच, रूप बदललं की डोळा फसतो आणि काटा फसत नाही.

पण तीन ओळींतली मला सगळ्यात आवडणारी ओळ टेअर. नेट ही नुसती वजाबाकी आहे. ग्रॉस म्हणजे जे दिसतं ते सगळं. टेअरमध्ये मात्र गाडीचा संसार आहे. आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन एकच लिहिलेलं असतं, आणि तेवढी रिकामी गाडी रस्त्यावर कधीच नसते. डिझेलची टाकी तीनशे लिटरची असेल, तर भरलेली आणि आटलेली यांत अडीचशे किलोंचा फरक पडतो. एक लिटर डिझेल म्हणजे ८३० ग्रॅम, कमीजास्त धरून. स्टेपनी, जॅक, साखळदंड, लाकडी ओंडके, स्टोव्ह, तांदळाचं पोतं, क्लीनर, क्लीनरचा पाहुणा. जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेली ताडपत्री आणि चाकांच्या वरच्या पत्र्याला चिकटलेला चिखल. जुन्या गाडीला मालकाने हौसेने वाढवलेल्या फळ्या आणि मजबुतीसाठी मागे घातलेले जादा पाटे. हे सारं त्या ६,२४० मध्ये मुकाट्याने सामावलेलं आहे.

म्हणून अनुभवी माणूस कालच्या टेअरवर आजचं नेट काढू देत नाही. लांड्यालबाड्याही याच ओळीत होतात. टेअर घेताना टाकी भरलेली आणि ग्रॉस घेताना आटलेली, किंवा याच्या उलट, जसा फायदा असेल तसं. एक चाक प्लॅटफॉर्मच्या कडेवर ठेवायचं ही त्यातली सगळ्यात बाळबोध युक्ती. काटेवाल्याचं ते नेहमीचं ओरडणं, 'दादा, जरा मागं घ्या, पुढचं चाक बाहेर राहिलं', त्यासाठीच असतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. पूर्वीचे काटे तरफांचे होते, जमिनीखाली लोखंडी दांड्यांचं जाळं आणि खोलीत सरकवायचा वजनाचा गोळा. आता प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतात. भाराने पोलादी ठोकळा किंचित दबतो, त्याला चिकटवलेल्या पातळ पट्टीचा विद्युत-रोध बदलतो, आणि तो बदल किलोंत वाचला जातो. खात्रीसाठी वैधमापन खात्याचा निरीक्षक वर्षाला एकदा प्रमाण वजनं ठेवून काटा तपासतो आणि शिक्का मारतो. काटेवाल्याच्या खोलीत ते प्रमाणपत्र भिंतीवर असतं, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, आणि अगरबत्ती दोघांना मिळून एकच लागते.

ग्रॉसवर मात्र सरकारचा डोळा आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली : दोन आसांच्या ट्रकला १६.२ टनांऐवजी १८.५ टन, तीन आसांच्याला २५ ऐवजी २८.५, आणि चार टायरच्या एका आसावर १०.२ ऐवजी ११.५. आपली पावती १८,३१० म्हणते. ड्रायव्हरच्या भाषेत 'पासिंगमध्ये आहे'. मोटार वाहन कायद्याचं कलम ११४ अधिकाऱ्याला संशयित गाडी जवळच्या काट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार देतं, कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजारांचा दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जात नाही. या सगळ्यात मला वाचनीय वाटतं ते कलम ११३ चं शेवटचं पोटकलम. ड्रायव्हर मालक नसेल, तर गाडी जादा भरली गेली ती मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्याच हुकमाने, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. कायदा लिहिणाऱ्याला ट्रान्सपोर्ट धंदा चांगला माहीत असावा. पावतीवर पार्टीचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, कुठे कुठे ड्रायव्हरची सहीसुद्धा असते. 'अजून दोन टन टाक, काही होत नाही' असं फोनवर सांगणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

आणि आता पावतीच्या या रचनेतला दोष. ती बेरीज खरी सांगते आणि वाटणी सांगत नाही.

समजा, त्या प्लेटा हौद्यात मागच्या बाजूला ठेवल्या गेल्या. क्रेन मागून आली, तिचा हात तिथवरच पोचत होता. पुढच्या आसावर ४,५१० किलो आले आणि मागच्यावर १३,८००. बेरीज तीच १८,३१०. पावती निर्दोष, गाडी मात्र मागच्या आसावर दोन टन तीनशेने ओव्हरलोड. असं काय बिघडतं त्यात? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. आपल्या मागच्या आसावर भार मर्यादेच्या १.२ पट आहे, म्हणजे झीज दुपटीहून थोडी जास्त. १०.२ वरून ११.५ ची सवलत दिली तेव्हाही याच हिशेबाने आसामागे झीज साठेक टक्क्यांनी वाढली होती. बातम्यांत सवलतीचं कौतुक झालं, हा गुणाकार कोणी मांडला नाही.

रस्त्याचं राहू द्या, तो सोसतोच. गाडीला काय होतं? पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं, आणि ते पहिल्यांदा बरंही वाटतं. पाथर्डी फाट्यावरून निघून घोटी, इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरायला लागलं की त्या हलकेपणाचा अर्थ कळतो. ब्रेकची ताकद पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून दिलेली असते ती ठरावीक भार धरून. जादा भाराने मागचे ड्रम तापतात, तापलेले लायनर पकडत नाहीत, आणि टायरच्या कुशी भाजून निघतात. घाटात न्यूट्रल न करता खालच्या गिअरमध्ये उतरावं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खालचा गिअर ठीक आणि वाटणी चुकलेली, तर वळणावर पुढची चाकं ऐकत नाहीत.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे पावतीशिवाय कळत होतं. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. ओझं फार पुढे आलं की मानेवर जू रुततं. चांगला गाडीवान पोती भरताना मध्येच थांबून जू हाताने उचलून पाहायचा, आणि एक पोतं पुढे किंवा मागे सरकवायचा. आज दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकावर जो भार टाकते, तोच हा भार. उसाच्या दिवसांत पुढच्या बाजूला फार भरलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं आपण पाहतो ते याच जातीचं. कारमागे छोटं घर ओढत सुट्टीला निघणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनाही हेच शिकवतात : ओढायच्या घराच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के हुकावर यायला हवं. कमी आलं की मागचं घर शेपटासारखं हलायला लागतं आणि कारलाच हलवतं. पाण्याची टाकी मागे असली आणि भरलेली असली, की शंभर लिटर म्हणजे शंभर किलो नेमके नको तिथे जातात. आपल्याकडे कारमागचं फिरतं घर अजून दुर्मीळच. राज्याने कॅराव्हान पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं, पण रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक एकाच चेसिसवर बांधलेल्या गाड्या.

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर ट्रकथांब्यांपाशी कॅट स्केल नावाचे काटे १९७७ पासून आहेत. तिथे प्लॅटफॉर्मचे वेगवेगळे तुकडे असतात, त्यामुळे गाडी एकदाच उभी करून पुढचा आस, ओढणाऱ्या गाडीचे मागचे आस आणि मागच्या ट्रेलरचे आस असे भार वेगळे छापून मिळतात, खाली बेरीज. त्या पावतीपुढे आपली पावती भाबडी वाटते, हे मान्य करायला हवं.

तरी काही ड्रायव्हर आपल्याच काट्यावर आसांच्या वाटणीचा तो पाठ काढून घेतात. ग्रॉस झाल्यावर गाडी हळूच पुढे घ्यायची, पुढची चाकं प्लॅटफॉर्मबाहेर गेली की थांबायचं आणि काटेवाल्याला खिडकीतून आकडा विचारायचा. उतरायची बाजू प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवी, नाहीतर भार कलतो आणि आकडा खोटा येतो. आणि मागच्या आसाचा तो आकडा कायद्याच्या कामाचा नाही, शिक्का पूर्ण गाडी उभी करून घेतलेल्या वजनाला आहे. काटेवाला तो छापून देत नाही, तोंडी सांगतो. ड्रायव्हर तो पावतीच्या मागे पेनाने लिहून ठेवतो, आणि फार निघाला तर कारखान्याच्या गेटात परत जाऊन क्रेनवाल्याशी हुज्जत घालतो. क्रेनवाला त्याला पावतीची पुढची बाजू दाखवतो : अठरा टन तीनशे दहा, पासिंगमध्ये आहे की, निघ.