शीळ आधी, पुस्तक नंतर

एखाद्या लेखकाला वाचक उशिरा लाभले की ‘उशिरा का होईना, चीज झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या उद्गारात लेखकाचे वय मोजलेले असते. वाचक मात्र त्यात कोठेच नसतो. उशिरा भेटलेला वाचक लेखकाला नेमके काय देतो, हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कविवर्य ना. घ. देशपांडे यांच्या काव्यप्रवासाकडे वळावे.

मेहकर हे आम्हा सुलतानपूरकरांचे शेजारचे गाव. सिंदखेडराजा येथे १९०९ साली जन्मलेले नागोराव घनश्याम देशपांडे मेहकरला वकिली करीत. ऐन तारुण्यात त्यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली. जी. एन. जोशी यांनी ती गायिली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९३० नंतरच्या त्या वर्षांत रानात घुमणारी ती शीळ घरोघर पोहोचली. मराठी भावगीताच्या जन्माची कथा सांगताना आजही या तबकडीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. परंतु ‘शीळ’ याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. कवी तेव्हा पंचेचाळिशीत होता. गाणे आणि पुस्तक यांच्यामध्ये सुमारे वीस वर्षे गेली.

त्या वीस वर्षांत कवीला रसिक नव्हते, असे कोण म्हणेल? रसिक उदंड होते. पण ते श्रोते होते. श्रोता आणि वाचक यांच्यातील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या वेळात सूर, ठेका आणि धृपद यांनी आपापला वाटा घेतल्यावर शब्दांच्या वाट्याला जे उरते, तेवढेच श्रोत्याच्या कानी पडते. गाणे थांबत नाही, म्हणून श्रोत्यालाही थांबता येत नाही. गाणे गुणगुणणाऱ्याला गायकाचे नाव ठाऊक असते. कवीचे असेलच असे नाही. वाचक मात्र एका ओळीपाशी थबकू शकतो, मागे जाऊ शकतो, आवडले नाही तर पान उलटू शकतो. ‘शीळ’ या कवितेत एका ग्रामीण स्त्रीच्या मनाची झालेली चलबिचल आहे. ती बोलते आहे की स्वतःपासून काही लपवते आहे, हा संदेह चालीच्या गोडव्यात विरून जातो आणि कागदावर पुन्हा जागा होतो. तेथे शब्द आपल्याच पायांवर उभे असतात. पुस्तकाने कवीला जे दिले ते हे: नकार देण्यास मोकळा असलेला, आणि तरीही थांबलेला माणूस.

या भेटीचा आनंद कवीच्या उद्गारांत शोधण्यापेक्षा त्याच्या पुढील लेखनात शोधावा. ‘अभिसार’ १९६३ साली आला. मग बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्या कवीचा ‘खूणगाठी’ प्रसिद्ध झाला. या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शीळ दुसऱ्याला ऐकू जावी म्हणून घातली जाते; खूणगाठ मनुष्य स्वतःला आठवण राहावी म्हणून बांधतो. रसिकांना मुखोद्गत झालेली शीळच पुन्हा पुन्हा घालीत राहण्याचा मोह कोणालाही झाला असता. ‘खूणगाठी’ने तो टाळला. वाचक आपल्यामागून येईल, असा विश्वास असलेला कवीच असे करू शकतो. नव्वदीकडे झुकलेल्या वयातही त्यांची पुस्तके येत राहिली. २००० साली त्यांचे निधन झाले. पहिल्या संग्रहानंतर त्यांना आपल्या वाचकांसमवेत सुमारे शेहेचाळीस वर्षे मिळाली.

हे भाग्य सर्वांचे नसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते, १९३६ मध्ये त्या गेल्या. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या या मानबिंदूला आपला वाचक जेमतेम दोन वर्षे पाहावयास मिळाला. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात निवर्तल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. त्यांना तेवढेही मिळाले नाही. साहित्याच्या इतिहासात तिघांचेही स्थान पक्के आहे. परंतु इतिहासातील स्थान आणि जिवंतपणी भेटलेला वाचक या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिली गोष्ट मरणोत्तर देता येते, दुसरी देता येत नाही.

म्हणून विलंबाचे गोडवे गाऊ नयेत. विलंबाने कोणाची कविता पिकत नाही. पिकते ती लिहिल्याने आणि वाचली गेल्याने. या तिघांपर्यंत रसिक पोहोचले, त्याआधी कोणीतरी एकाने ते लेखन उचलून धरले होते: मेहकरच्या कवीसाठी एका गायकाने, लक्ष्मीबाई आणि बहिणाबाई यांच्यासाठी त्यांच्या पुत्रांनी. आपल्या गावांत, आपल्या घरांतही वह्या आहेत. कोणी आजी ओव्या रचते, कोणी निवृत्त शिक्षक रात्री लिहीत बसतो. त्यांना पुरस्कार देणे आपल्या हाती नाही. त्यांची वही मागून घेणे, ती शेवटच्या पानापर्यंत वाचणे आणि काय आवडले, काय आवडले नाही, हे त्यांच्यासमोर बसून सांगणे मात्र आपल्या हाती आहे. ते त्यांच्या हयातीत व्हावे.