पोपचे पत्र, मण्यांची माळ आणि बाईचा कौल

‘लेकरू ही देवाची देणगी’ हे वाक्य आमच्या नशिराबादेत सगळ्याच धर्मांच्या घरांत ऐकू येते. त्याच घरांत ‘ऑपरेशन कोणी करायचे?’ असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते: बाईने. ही दोन वाक्ये एकत्र ठेवून मी पोप सहावे पॉल यांचे ‘हुमाने व्हिते’ हे पत्र वाचले. संततिनियमनाविषयीची कॅथलिक चर्चची भूमिका २५ जुलै १९६८ च्या या पत्रात अधिकृतपणे मांडली आहे. ते जुनाट म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यातले काय टिकते आणि काय टिकत नाही, हे तपासणे अधिक उपयोगाचे.

आधी पार्श्वभूमी. १९३० साली अँग्लिकन बिशपांनी लॅम्बेथ येथे कृत्रिम साधनांना अटींसह मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबी’ या पत्रातून तिला ठाम नकार दिला. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी सुइणींपुढच्या भाषणात एक वाट मोकळी केली. सबळ कारण असेल तर जोडप्याने ‘सुरक्षित काळा’चा आधार घ्यावा, असे ते म्हणाले. १९६३ मध्ये या प्रश्नासाठी आयोग नेमला गेला. त्याचे काम चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला येऊन गेले. १९६६ मध्ये आयोगातील बहुमताने बदलाच्या बाजूने कौल दिला. पोपनी तो स्वीकारला नाही.

पत्राचा मुख्य मुद्दा असा : पतिपत्नींचे मीलन आणि नवा जीव येण्याची शक्यता यांची निसर्गाने घातलेली गाठ माणसाने सोडू नये. सुरक्षित काळ पाळणारा निसर्गाच्या लयीचा उपयोग करतो, साधन वापरणारा ती लय अडवतो, हा चर्चने केलेला भेद आहे. मला तो पटत नाही. दोन्ही जोडप्यांचा हेतू एकच आहे, मूल नको. एक जण दिनदर्शिकेने हिशेब करतो, दुसरा औषधाच्या दुकानातून साधन आणतो. हेतू निर्दोष असेल, तर केवळ उपायाच्या बनावटीवरून एकाला संयमी आणि दुसऱ्याला पापी कसे ठरवायचे? याचे समाधानकारक उत्तर मला पत्रात सापडले नाही.

गंमत अशी की स्वतंत्र भारताने पहिले पाऊल टाकले ते याच ‘सुरक्षित काळा’च्या वाटेने. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीविचाराच्या होत्या. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या, तेव्हाही गांधीजींनी साधनांऐवजी संयमावरच भर दिला होता. १९५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने म्हैसूरकडील रामनगरम आणि दिल्लीची लोदी कॉलनी येथे प्रयोग झाला. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोग फसला. पाळी अनियमित असलेल्या, दिवसभर राबणाऱ्या आणि नवऱ्याला ‘आज नको’ म्हणू न शकणाऱ्या बाईला माळ काय सांगणार? ही पद्धत चालायला नवऱ्याची संमती लागते. पत्र नेमकी तीच गृहीत धरते.

र. धों. कर्वे यांनी हे फार आधी ओळखले होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांच्या मांडणीत देशाची लोकसंख्या हा मुद्दा दुय्यम होता. बाईचे आरोग्य, तिची इच्छा आणि तिचे सुख हे पहिले.

तरीही एका ठिकाणी या पत्राची दूरदृष्टी मान्य करावी लागते. साधने सरकारच्या हाती गेली तर ती लोकांवर लादली जातील, असा इशारा त्यात आहे. आठच वर्षांत तो आपल्याकडे खरा ठरला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ‘लाल त्रिकोणा’च्या पाट्या लावणाऱ्या पुरोगाम्यांनी हा इशारा वेळीच वाचायला हवा होता.

लोकसंख्येच्या भीतीचे काय झाले? १९६८ मध्ये जग साडेतीनशे कोटींचे होते. २०२२ मध्ये ते आठशे कोटींवर गेले. परंतु वाढीचा वेग १९६० च्या दशकातच शिगेला पोचून मग उतरला. कॅथलिक इटलीत दर बाईमागे सव्वाच्या आसपास मुले जन्मतात. भारतात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ख्रिस्ती स्त्रियांचा जननदर १.८८ आहे, हिंदू स्त्रियांचा १.९४. ज्या गोव्यात चौथाई लोक ख्रिस्ती आहेत, तिथला दर १.३ आहे. म्हणजे कॅथलिक शिकवणुकीमुळे लोकसंख्या फुगते, हा आरोप आपल्या देशात तरी आकड्यांवर टिकत नाही. श्रद्धाळूंनी पोपबद्दलचा आदर राखला आणि घरचा निर्णय घरातच घेतला.

तेव्हा या पत्रावरचा माझा आक्षेप लोकसंख्येचा नाही. पोपने निसर्गाचे नाव घेतले, सरकारने राष्ट्राचे. ज्या देहावर हा निर्णय घडतो, त्या देहाच्या मालकिणीला दोघांनीही शेवटी विचारले. त्याच सर्वेक्षणात कुटुंबनियोजनाच्या पद्धतींमध्ये स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांची ०.३ टक्के. सक्ती गेली, पण ओझे बाईच्याच पोटावर राहिले. हा आकडा रोमने ठरवलेला नाही. तो आपल्या घरांतून, नशिराबादेतूनही, तयार झालेला आहे. पोपच्या पत्राला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. पण त्याच कसोटीवर आपले घरही उभे करावे लागेल.