लांबीची लिपी

नव्या स्मार्ट प्लगला घरातल्या वाय-फायचा पासवर्ड सांगायचा कसा? त्याला ना पडदा, ना बटणांची पाटी. नेटवर्कवरून सांगावं, तर पासवर्डवाचून तो नेटवर्कवर येणारच नाही. एस्प्रेसिफ या चिनी चिप-कंपनीच्या ईएसपी-टच या पद्धतीनं हा पेच ज्या रीतीनं सोडवला, ती मला या क्षेत्रातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं स्मार्टकॉन्फिग याच कुळातलं.

प्लगमधली चिप एकेक चॅनल बदलत हवेतली पॅकेटं नुसती ऐकत बसते. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या कूटबद्धतेमुळे आतला मजकूर तिला वाचता येत नाही. पण बंद पाकिटाची लांबी बाहेरूनही मोजता येते. फोन नेमकं हेच हेरतो. राउटरकडे तो पॅकेटांमागून पॅकेटं सोडतो. आत काय भरलंय याला महत्त्व नाही, सगळा अर्थ लांबीत.

खरी नजाकत पुढे आहे. कूटबद्ध होताना प्रत्येक पॅकेट थोडं वाढतं. किती, ते चिपला ठाऊक नसतं. म्हणून फोन आधी ५१५, ५१४, ५१३, ५१२ अशा उतरत्या लांबीची पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवतो. समजा, चिपला ५६७, ५६६, ५६५, ५६४ दिसले. पायऱ्या त्याच, फक्त ५२नं वर सरकलेल्या. हे ५२ पुढच्या प्रत्येक लांबीतून वजा केले की झालं. किती कमी सामग्रीत केवढं काम!

मग अक्षरं. इंग्रजी लिपीतल्या छोट्या 'ए'चा आकडा ९७. सोळाच्या हिशेबात ६ आणि १. सहा पहिल्या पॅकेटात, एक तिसऱ्यात, दोघांसोबत पडताळणीच्या आकड्याचा अर्धा-अर्धा भाग; मधल्या पॅकेटात अक्षराचा क्रमांक. काही पॅकेटं हरवणार हे गृहीतच धरलंय. सगळी माळ पुन्हा फिरते आणि निसटलेलं अक्षर पुढच्या फेरीत आपल्या जागी बसतं. नेटवर्कवर आल्यावर चिप फोनला उलट निरोप धाडते.

उणीव मोठी आहे: लांबी शेजाऱ्यालाही मोजता येते, आणि पहिल्या आवृत्तीत पासवर्डला दुसरं संरक्षण नव्हतं. दुसरीत एईएस कूटबद्धतेची सोय आली. तरी आज दाराचं कुलूप बनवायचं असेल, तर मी ब्लूटूथचीच वाट धरेन. एस्प्रेसिफच्या ईएसपी८२६६ चिपमध्ये मात्र ब्लूटूथ नव्हतंच. होता तो फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा वाय-फाय रेडिओ, आणि एवढ्यावरच ही सगळी रचना उभी राहिली.