हिचेन्स यांचा निकष आणि इराक

ख्रिस्तोफर हिचेन्स यांना धर्मद्वेष्टे किंवा युद्धखोर म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला त्यांच्या लेखनातली विसंगती याहून गंभीर वाटते.

दाव्याचा पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची, हा त्यांचा निकष. १९९५ साली मदर तेरेसांवर लिहिताना त्यांनी तोच लावला. कोलकात्यातल्या मरणासन्नांना वेदनाशामके मिळतात का, देणग्यांचे काय होते, असे साधे प्रश्न विचारले. २००१ साली हेन्री किसिंजर यांच्यावर तर त्यांनी आरोपपत्रच लिहिले.

मग २००३चे इराक युद्ध आले. सद्दामने १९८८ साली हलब्जात कुर्दांवर रासायनिक अस्त्रे वापरली, हे खरेच. पण राजवट क्रूर आहे हा एक दावा. परक्या सैन्याने तिथे स्वातंत्र्य येईल हा दुसरा. या दुसऱ्या दाव्याला त्यांनी तो निकष लावला नाही. अस्त्रांचे साठे नव्हते, असे अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ साली सांगितले. तरी युद्धाचे समर्थन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. श्रद्धाळूंवर त्यांचा आक्षेप नेमका हाच होता.

उलट, २००८ साली ‘वॉटरबोर्डिंग’ त्यांनी स्वतःवर करवून घेतले, काही सेकंदांत हार मानली आणि हा छळच आहे, असे जाहीरपणे लिहिले. अनुभवापुढे मत बदलण्याचे धैर्य त्यांच्यात होते. इराकबाबत ते दिसले नाही.

वाद कसा घालावा, हे मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. अशाच लेखकांकडून शिकलो. म्हणूनच त्यांचा निकष त्यांना लावणे मला टाळता येत नाही.